संकेतस्थळाचं बिऱ्हाड हलवताना

तालुक्याच्या गावातलं एखादं सार्वजनिक वाचनालय घ्या. त्याच्या वेबसाइटवर पुस्तकांची यादी आहे, वर्गणीचे दर आहेत, व्याख्यानमालेची पत्रिका आहे आणि जुन्या वार्षिक अहवालांची स्कॅन केलेली पानं आहेत. रोज दोनशे माणसं ही साइट उघडतात आणि प्रत्येक जण तीन पानं पाहतो असं धरू. म्हणजे दिवसाला ६०० पानं झाली. दिवसात ८६,४०० सेकंद असतात, तेव्हा सर्व्हरकडे सरासरी दर १४४ सेकंदांनी एका पानाची मागणी येते. ते पान तयार करून पाठवायला अर्धा सेकंद लागला, तरी पुढची सव्वादोन मिनिटं त्या साइटसाठी सर्व्हरला काही काम नसतं.

या वाचनालयाने स्वतःपुरता स्वतंत्र सर्व्हर भाड्याने घेतला असेल, तर ते मुख्यतः या रिकाम्या वेळाचे पैसे भरत आहे. शासनाचं अनुदान आणि सभासदांची वर्गणी यांवर चालणाऱ्या संस्थेला हा खर्च जड जातो. दर वर्षी ताळेबंदाच्या वेळी त्यावर बोट ठेवलं जातं आणि एखाद्या वर्षी बिल भरायचंच राहून जातं. वाचनालयं, शाळा, ट्रेकिंगचे गट, छोटे प्रकाशक, नाट्यसंस्था यांच्या कितीतरी मराठी साइट्स अशाच बंद पडल्या. खर्च कमी ठेवणं म्हणजे साइटचं आयुष्य वाढवणं. म्हणून स्वस्त शेअर्ड होस्टिंगकडे जाण्याचा विचार कमीपणाचा नाही, शहाणपणाचा आहे. मात्र ही बचत टिकण्यासाठी एक अट आहे: साइटचं नाव आणि साइटवरचा सगळा मजकूर संस्थेच्या स्वतःच्या ताब्यात हवा.

एका यंत्रावर शेकडो साइट्स

शेअर्ड होस्टिंग म्हणजे चाळ. खोल्या वेगळ्या, नळ, जिना आणि विजेची मुख्य तार सामायिक. एकाच सर्व्हरवर शेकडो साइट्स नांदतात आणि त्याचा प्रोसेसर, मेमरी, डिस्क सगळ्यांत वाटली जाते. प्रत्येकाचा रिकामा वेळ दुसऱ्याच्या कामी येतो, म्हणून भाडं कमी पडतं.

हे शक्य झालं ते एका साध्या तांत्रिक बदलामुळे. सुरुवातीच्या काळात ब्राउझर सर्व्हरला फक्त ‘हे पान दे’ असं सांगत असे. कोणत्या साइटचं पान, हे सांगत नसे. त्यामुळे प्रत्येक साइटला वेगळा आयपी पत्ता लागायचा. १९९७ मध्ये आलेल्या एचटीटीपी १.१ या नियमावलीने प्रत्येक मागणीत साइटचं नाव देणं सक्तीचं केलं. मग एकाच आयपी पत्त्यावर कितीही साइट्स ठेवता येऊ लागल्या. सुरक्षित जोडणीच्या (एसएसएल) प्रमाणपत्रासाठीही वेगळा आयपी पत्ता लागायचा; ती अडचण पुढे अशाच तऱ्हेने सुटली. डिसेंबर २०१५ मध्ये ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही सेवा सर्वांसाठी खुली झाल्यावर ही प्रमाणपत्रं फुकट मिळू लागली. आज एखादी कंपनी साध्या माहितीपर साइटकडून एसएसएलचे वेगळे पैसे मागत असेल, तर दुसरी कंपनी पाहावी.

शेजाऱ्याने नळ उघडा ठेवला तर काय, हा प्रश्न जुना आहे. पूर्वी एका साइटवर गर्दी झाली की सर्व्हरवरच्या सगळ्याच साइट्स रखडायच्या. २०१० मध्ये आलेल्या क्लाउडलिनक्ससारख्या प्रणालींनी प्रत्येक खात्याला प्रोसेसर, मेमरी आणि एकाच वेळी चालणाऱ्या प्रक्रियांची मर्यादा घालून दिली. आता शेजाऱ्याचा त्रास कमी झाला, पण आपलीही मर्यादा पक्की झाली. ती ओलांडली की वाचकाला पानाऐवजी ‘५०८’ क्रमांकाची त्रुटी दिसते.

आधी स्वतःची गरज मोजा

साइट हलवण्याआधी सध्याच्या होस्टिंगच्या नियंत्रण पॅनेलमध्ये तीन आकडे पाहावेत: डिस्कवर किती जागा व्यापली आहे, महिन्याला किती डेटा बाहेर जातो आणि एकूण फाइली किती आहेत. वरच्या वाचनालयाचं एक पान दोन एमबीचं धरलं, तर दिवसाला १,२०० एमबी आणि महिन्याला ३६ जीबी डेटा लागतो. शेअर्ड होस्टिंगला हे सहज पेलतं.

फाइलींच्या संख्येकडे मात्र बहुतेकांचं लक्ष जात नाही. ‘अनलिमिटेड’ जागा देणाऱ्या योजनांमध्येही फाइलींच्या संख्येला मर्यादा असते. नियमावलीत तिला ‘आयनोड’ म्हणतात. जुन्या अंकांची पानं एकेक चित्र म्हणून चढवली असतील आणि वर्डप्रेसने प्रत्येक चित्राच्या चार-पाच लहानमोठ्या प्रती करून ठेवल्या असतील, तर डिस्क निम्मी रिकामी असतानाच ही मर्यादा भरते. अशा वेळी प्रत्येक अंकाची एकच पीडीएफ करावी.

गर्दीचा दिवसही लक्षात घ्यायला हवा. सरासरी दिवशी ६०० पानं पाठवणारी शाळेची साइट निकालाच्या सकाळी अर्ध्या तासात काही हजार मागण्यांखाली दबते. गणेशोत्सवातल्या मंडळांचं आणि दिवाळी अंकाच्या प्रकाशनाचंही तसंच. यावर सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे कॅशे. वर्डप्रेस प्रत्येक वाचकासाठी डेटाबेसमधून माहिती काढून पान नव्याने रचतं. कॅशेचं प्लगइन ते तयार पान साठवून ठेवतं आणि पुढच्या प्रत्येकाला तेच देतं. सर्व्हरचं काम एवढ्याने खूपच हलकं होतं. जोडीला मोबाइलवर काढलेले चार-चार एमबीचे फोटो लहान करून चढवले, तर चाळीतल्या खोलीतही साइट झपाझप उघडते.

हा उपाय सगळ्यांना लागू पडत नाही. ज्या साइटवर खरेदीची टोपली आहे, ऑनलाइन पैसे घेतले जातात, प्रवेशाचे अर्ज भरले जातात किंवा प्रत्येक सभासद लॉगिन करून आपापलं खातं पाहतो, तिथे प्रत्येकाचं पान वेगळं असतं. एकाचं साठवलेलं पान दुसऱ्याला देता येत नाही. अशा साइट्सनी शेअर्ड होस्टिंगच्या मोहात पडू नये. त्यांच्या बाबतीत सर्व्हर अडला की धंदाच अडतो.

जाहिरातीतलं भाडं आणि खरं भाडं

होस्टिंगच्या जाहिरातीत पहिल्या मुदतीचा दर ठळक छापलेला असतो. नूतनीकरणाचा दर बारीक अक्षरांत असतो आणि तो बहुधा दुप्पट-तिप्पट असतो. उदाहरणादाखल हिशेब करून पाहू. महिन्याला ९९ रुपये, पण तीन वर्षांचे पैसे एकदम भरायचे, अशी योजना आहे. ३६ महिन्यांचे ३,५६४ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ४,२०५ रुपये ५२ पैसे होतात. तीन वर्षांनी दर २९९ झाला, तर पुढच्या ३६ महिन्यांना करासह १२,७०१ रुपये ५२ पैसे लागतील. सहा वर्षांची सरासरी काढली तर महिन्याला सुमारे २३५ रुपये पडतात. खरा दर हा, आणि दोन योजनांची तुलना याच आकड्यावर करावी. बॅकअप परत मिळवायला वेगळे पैसे पडतात का, ईमेलची किती खाती मिळतात, फोनवर बोलायला माणूस आहे का, हेही त्याच कागदावर लिहून काढावं.

कंपनी बदलताना नावावर जाऊ नये. ब्लूहोस्ट, होस्टगेटर, बिगरॉक ही नावं वेगवेगळी दिसतात. मुंबईच्या डायरेक्टी समूहाने उभारलेला बिगरॉक आणि रिसेलरक्लबचा व्यवसाय २०१४ मध्ये एन्ड्युरन्स या अमेरिकी कंपनीकडे गेला. ब्लूहोस्ट आणि होस्टगेटर आधीच तिच्याकडे होत्या. हा सगळा पसारा २०२१ मध्ये न्यूफोल्ड डिजिटल या कंपनीखाली आला. एका नावाला कंटाळून दुसऱ्या नावाकडे जाताना आपण त्याच मालकाच्या दुसऱ्या इमारतीत तर जात नाही ना, हे पाहून घ्यावं.

सर्व्हर कुठल्या शहरात आहे, हे आवर्जून विचारावं. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत आणि परत असं मुंबईहून चोवीस हजार किलोमीटरांहून अधिक अंतर होतं. म्हणजे एका फेरीला निदान १२० मिलिसेकंद. प्रत्यक्षात समुद्राखालच्या केबल सरळ रेषेत जात नसल्यामुळे याहून बराच अधिक वेळ लागतो आणि एक पान उघडायला अशा अनेक फेऱ्या होतात. देशातली अनेक मोठी डेटा सेंटर्स नवी मुंबईत, ऐरोली, महापे, रबाळे या पट्ट्यात आहेत. वाचक साताऱ्याचे आणि लातूरचे असतील, तर सर्व्हर मुंबईचाच निवडावा. दुबई-न्यू जर्सीकडचे वाचक बरेच असतील, तर क्लाउडफ्लेअरसारखी वाटपाची सेवा पुढे लावावी. तिची प्राथमिक योजना फुकट आहे आणि ती साइटमधली चित्रं व इतर फाइली जगभरच्या आपल्या केंद्रांतून देते.

नाव कोणाच्या नावावर आहे?

अशा संस्थांच्या साइट्स हलवताना सर्वांत जास्त वेळ फाइली उतरवण्यात जात नाही. मालकी शोधण्यात जातो. साइट दहा वर्षांपूर्वी कार्यकारिणीतल्या कुणाच्या भाच्याने करून दिलेली असते. डोमेन त्याच्या नावावर, पासवर्ड त्याच्या ईमेलवर आणि भाचा आता बंगळुरूला. त्याने सगळं निःस्वार्थपणे केलेलं असतं, पण संस्थेकडे कागद नसतो.

डोमेन आणि होस्टिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोमेन म्हणजे साइटचं नोंदवलेलं नाव; ते दर वर्षी किंवा काही वर्षांनी नूतनीकरण करून राखावं लागतं. होस्टिंग म्हणजे फाइली ठेवण्याची जागा. होस्टिंग बदलताना डोमेनची नोंदणी हलवण्याची गरज नसते. ते नाव कोणत्या सर्व्हरकडे बोट दाखवतं, एवढंच बदलायचं असतं. म्हणून ‘एक वर्ष डोमेन फुकट’ अशा योजनेत संस्थेचं नाव होस्टिंगच्या खात्यात अडकवू नये. डोमेन स्वतंत्र ठेवलं तर बिऱ्हाड कधीही, कुठेही नेता येतं. डोमेन संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ईमेलवर नोंदवावं. तो ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा, कारण डोमेन बंद पडलं की तोही बंद पडतो आणि पासवर्ड परत मिळवायची वाट राहत नाही.

हे आधी करावं. मुदत संपलेलं नाव काही आठवड्यांनी पुन्हा बाजारात येतं आणि ते कुणीही विकत घेऊ शकतं. वर्षानुवर्षं छापलेल्या पत्रिकांवरचा, पुस्तकांच्या मलपृष्ठावरचा पत्ता मग भलत्याच मजकुराकडे नेतो.

हलवण्याचा क्रम

आधी पूर्ण प्रत घ्यावी. वर्डप्रेसच्या साइटचे दोन भाग असतात. एक म्हणजे फाइली: चित्रं, थीम, प्लगइन. दुसरा डेटाबेस, सगळा लिखित मजकूर त्यातच असतो. फक्त फाइली उतरवून जुनं खातं बंद केलं, तर चित्रं उरतात आणि लेख जातात. दोन्हींची प्रत स्वतःच्या संगणकावर आणि आणखी एका ठिकाणी ठेवावी.

मग नव्या सर्व्हरवर फाइली चढवाव्यात, डेटाबेस भरावा आणि साइटच्या मांडणीच्या फाइलीत नव्या डेटाबेसचं नाव व पासवर्ड घालावा. वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलेलं आहे त्या पीएचपीची आवृत्ती इथेच तपासावी. जुन्या पद्धतीने डेटाबेसशी बोलणाऱ्या आज्ञा पीएचपी ७ मधून, म्हणजे २०१५ च्या अखेरीस, काढून टाकल्या गेल्या. त्याआधी हाताने लिहिलेली साइट नव्या सर्व्हरवर कोरं पान दाखवते ती बहुधा याचमुळे.

जगाला दाखवण्याआधी आपण पाहून घ्यावं. प्रत्येक संगणकात ‘होस्ट्स’ नावाची छोटी फाइल असते. तिच्यात नव्या सर्व्हरचा आयपी पत्ता आणि आपलं डोमेन एका ओळीत लिहिलं की फक्त त्या संगणकावर नवी साइट उघडते. बाकी सगळ्यांना जुनीच दिसत राहते. पान न् पान, अर्ज, शोध, फोटो तपासून झाले की ती ओळ काढायची.

नावाची नोंद बदलण्याचा दिवस शेवटी येतो. डोमेन कोणत्या आयपी पत्त्यावर जातं हे सांगणारी डीएनएस ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. ठिकठिकाणचे सर्व्हर हे उत्तर काही काळ लक्षात ठेवतात. किती काळ, हे ‘टीटीएल’ या आकड्यावर ठरतं. तो ८६,४०० सेकंद असेल तर जुना पत्ता पूर्ण दिवस चालू राहू शकतो. म्हणून एक-दोन दिवस आधी तो ३०० वर आणावा. मग बदल पाच मिनिटांत बहुतेक ठिकाणी पोहोचतो. या काळात साइटवर नवीन काही लिहू नये, नाहीतर काही मजकूर जुन्या सर्व्हरवर आणि काही नव्यावर राहतो. जुनं होस्टिंग आणखी महिनाभर चालू ठेवावं. ते बंद करताना सभासदांची नावं, फोन नंबर तिथून पुसून टाकायला विसरू नये.

ईमेलची वेगळी काळजी घ्यावी लागते. संस्थेच्या नावाचा ईमेल बहुतेकदा त्याच होस्टिंगवर असतो. खातं बंद झालं की वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार त्याबरोबर जातो, तेव्हा तो आधी उतरवून घ्यावा. डीएनएसमध्ये टपालाची नोंद वेगळी असते, तीही बदलावी लागते. शिवाय एसपीएफ आणि डीकेआयएम या ओळखीच्या नोंदी नव्याने कराव्या लागतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने याबाबतचे नियम कडक केले आहेत. नोंद नसेल तर सभेची सूचना सभासदांच्या स्पॅममध्ये जाते किंवा परत येते.

मराठी अक्षरांचा घात कुठे होतो

जुन्या मराठी साइट्स हलवताना एक अपघात हमखास होतो. साइट उघडते, चित्रं दिसतात, पण मजकुराच्या जागी परकी चिन्हं दिसतात. त्याचं कारण एका अक्षरात समजतं.

‘म’ हे अक्षर यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइटांत साठवलं जातं: २२४, १६४, १७४. डेटाबेसला हे तीन बाइट मिळून एक देवनागरी अक्षर आहे हे ठाऊक असेल, तर ‘म’ दिसतो. पण मायएसक्यूएल या डेटाबेसची मूळ मांडणी बरीच वर्षं ‘लॅटिन-१’ होती; २०१८ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीत ती बदलली. लॅटिन-१ मध्ये एक बाइट म्हणजे एक अक्षर. त्यामुळे ‘म’च्या जागी तीन चिन्हं उमटतात: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’, चलनाचं एक गोल चिन्ह आणि नोंदणीकृत मालाचं वर्तुळातलं ‘आर’. ‘मराठी’ या शब्दात काना-वेलांटीसकट पाच चिन्हं आहेत, म्हणजे पंधरा बाइट. पडद्यावर त्यांची पंधरा चिन्हांची रांग होते.

जुन्या सर्व्हरवर साइट ठीक दिसत होती, कारण लिहिताना आणि वाचतानाही चूक सारखीच होती. निर्यात करताना डेटाबेस त्या बाइटांना खरोखरच लॅटिन अक्षरं समजून त्यांचं पुन्हा यूटीएफ-८ मध्ये रूपांतर करतो, आणि घात होतो. उपाय असा: निर्यात लॅटिन-१ म्हणूनच करावी, म्हणजे बाइट जसेच्या तसे बाहेर येतात, आणि आयात करताना ते ‘यूटीएफ-८ एमबी-४’ आहेत असं जाहीर करावं. मजकूर हरवलेला नसतो. फक्त चुकीचा वाचला जात असतो. हे माहीत नसल्यामुळे लोकांनी शेकडो लेख पुन्हा टाइप करायला घेतले आहेत किंवा साइटच सोडून दिली आहे. जुना डेटाबेस हातात असेपर्यंत तसं करण्याचं काही कारण नाही.

प्रत दुसऱ्या छताखाली

१० मार्च २०२१ च्या पहाटे फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच या मोठ्या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक इमारत पूर्ण जळाली आणि लाखो साइट्स एकाच वेळी बंद पडल्या. ज्यांचे बॅकअप त्याच आवारात होते, त्यांच्यापैकी अनेकांचा डेटा कायमचा गेला. महाग होस्टिंगवाले आणि स्वस्त होस्टिंगवाले, दोघांवरही तीच वेळ आली. कंपनी ‘रोज बॅकअप घेतो’ म्हणते तेव्हा तो तिच्या सोयीचा असतो. आपला बॅकअप आपण महिन्यातून एकदा उतरवून संस्थेच्या हार्ड डिस्कवर ठेवायचा, आणि वर्षातून एकदा तो प्रत्यक्ष उघडून पाहायचा.

एवढं केलेल्या संस्थेला कोणत्याही होस्टिंग कंपनीची धास्ती राहत नाही. दर वाढला, सेवा ढासळली, कंपनी विकली गेली, तरी एका सुट्टीच्या दिवशी साइट दुसरीकडे नेता येते. म्हणून पुढच्या कार्यकारिणी सभेच्या इतिवृत्तात चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: डोमेन कुठे नोंदवलं आहे आणि त्याची मुदत केव्हा संपते, होस्टिंगचा नूतनीकरणाचा दर आणि तारीख, खात्यांचा ईमेल आणि तो सांभाळणारी दोन माणसं, शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा आणि कुठे आहे. पदाधिकारी बदलले तरी इतिवृत्त कपाटात राहतं, आणि हलवाहलवीत वाचलेल्या पैशांतून जुन्या अहवालांची आणखी काही पानं स्कॅन करून साइटवर चढवता येतात.